हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग होताना

मुंबईत महात्मा फुले मंडईपासून निघून, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हुतात्मा चौकाला जाणारा रस्ता पालिकेच्या दप्तरी डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग म्हणून नोंदलेला आहे. स्वातंत्र्यापूर्वी त्याला हॉर्नबी रोड म्हणत. या एका रस्त्यावर नामांतराची चार वेगवेगळी भवितव्ये पाहायला मिळतात. उत्तर टोकाच्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव देऊन अनेक दशके झाली, तरी गिऱ्हाईक टॅक्सीवाल्याला ‘क्रॉफर्ड मार्केट’ असेच सांगते. मधल्या स्थानकाला कोणी व्हीटी म्हणते, कोणी सीएसटी, तर कोणी सीएसएमटी. दक्षिण टोकाला हुतात्मा चौक आणि फ्लोरा फाउंटन ही दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदतात. आणि हॉर्नबी हे नाव मात्र मुंबईकरांच्या तोंडून पुरते गेले आहे. रस्ता एक, नावे बदलणारी सत्ता एक, नावे बदलण्यामागचा हेतूही बहुतांशी एकच. असे असताना फळे इतकी वेगळी का यावीत? शहराच्या रस्त्यांच्या नावांचा इतिहास अभ्यासायचा तर या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. त्याचे उत्तर असे दिसते की, ठराव करून पाटी बदलता येते, पण नाव रुजते ते व्यवहारातून किंवा त्या जागी घडलेल्या घटनेतून; आणि रुजलेल्या नावामागचा माणूस लोकांच्या आठवणीत राहावा असे वाटत असेल, तर त्यासाठी पाटीपलीकडे जाऊन वेगळे कष्ट घ्यावे लागतात. पुढचे सगळे विवेचन या एका म्हणण्याच्या आधाराने केले आहे.

आधी हॉर्नबीचे पाहू. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून समुद्राचे पाणी आत शिरून बेटांमधली सखल जमीन बुडवत असे. ते खिंडार बुजवणारा बांध त्याच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि सात बेटांचे एक शहर होण्याची वाट मोकळी झाली. हे काम मोठेच होते. पण ज्या रस्त्याला त्याचे नाव मिळाले, त्या रस्त्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या काळी इथे कोटाची तटबंदी उभी होती. अपोलो गेट, चर्च गेट आणि बजार गेट या तीन दरवाजांनी आत-बाहेर करणारे ते बंदिस्त गाव होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी पाडायला घेतली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे जुन्या कोटाचा निरोप आणि नव्या शहराची आखणी एकाच वेळी चालू असताना. कोटाच्या पश्चिम तटाची रेषा जिथून जात होती, साधारण तिथेच एक अरुंद वाट रुंद करून हा हमरस्ता तयार झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका गव्हर्नरचे नाव त्याला देणे हा राज्यकर्त्यांनी आपल्याच पूर्वसुरींना केलेला नमस्कार होता. ज्या बांधावर हॉर्नबीचा खरा हक्क होता, तो हॉर्नबी व्हेलार्डही पुढे लाला लजपतराय मार्ग झाला. त्या जागेवरून त्याचे नाव पुसले जाण्याची खंत एखाद्याला वाटली, तर ती समजण्यासारखी आहे. फोर्टातल्या रस्त्याच्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही.

वसाहतकाळातली नावे ‘मूळची’ आणि नंतरची नावे ‘लादलेली’ अशी समजूत अनेकांच्या मनात असते. पुरावे तिच्या विरोधात जातात. याच रस्त्यावरच्या स्थानकाचा भाग आधी बोरीबंदर म्हणून ओळखला जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरातून. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली नव्या इमारतीचे काम सुरू झाले, ते सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली तेव्हा, स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. म्हणजे व्हीटी हे नावसुद्धा नामांतरानेच आलेले होते, आणि लोकांनी रोजच्या बोलण्यात वापरलेल्या एका बंदराच्या नावावर ते चढवले गेले होते. पुढे प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने रुंद रस्ते काढले. त्यांतल्या एकाला गव्हर्नर सँडहर्स्टचे नाव मिळाले, दुसऱ्याचे नाव प्रिन्सेस स्ट्रीट ठेवले गेले. ग्रँट, फॉकलंड, लॅमिंग्टन हे सगळे गव्हर्नर असेच रस्त्यांवर येऊन बसले. याउलट ठाकुरद्वार, काळबादेवी, फणसवाडी, नळबाजार, चिराबाजार, धोबीतलाव ही नावे कोणत्याही ठरावाने आलेली नाहीत. देवळावरून, झाडावरून, धंद्यावरून, पाण्यावरून लोकांनी ती ठेवली. तलाव बुजून गेला, चौकाला वासुदेव बळवंत फडके यांचे नाव मिळाले, तरी धोबीतलाव हे नाव लोक सोडायला तयार नाहीत. मुंबईच्या नावांचे थर मोजताना इंग्रजी थर सर्वांत खाली ठेवणे ही त्यामुळे इतिहासाची चूक ठरते.

राज्यकर्त्यांची निवड त्या काळीही प्रत्येक वेळी टिकत असे, असे नाही. १८६४ साली चर्च गेटच्या जागी कारंजे उभे राहिले. त्याला फ्रिअर यांचे नाव द्यायचे आधी योजले होते. प्रत्यक्षात कारंज्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या रोमन फुलदेवतेचे नाव त्याला मिळाले आणि लोकांनी ते इतके आपलेसे केले की शंभर वर्षे आसपासचा सगळा परिसर फाउंटन म्हणूनच ओळखला गेला. एखाद्या अंमलदाराच्या नावापेक्षा डोळ्यांना दिसणारी वस्तू अधिक लवकर पत्त्यात बसते, एवढे या उदाहरणावरून नक्की म्हणता येते.

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी जाऊन दादाभाई आले, ही निवड डोळसपणे केलेली होती. दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ पत्र काढले. मुंबईच्या नगरपालिकेत ते सभासद होते, आणि त्या संस्थेची स्टीव्हन्स यांनीच आखलेली, १८९३ साली पूर्ण झालेली इमारत याच रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी आहे. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. हिंदुस्थानची संपत्ती दरसाल इंग्लंडला कशी वाहून जाते याचा आकडेवार हिशेब मांडून त्यांनी साम्राज्याच्या नैतिक दाव्यालाच हात घातला. त्या साम्राज्याच्या व्यापाराची मुख्य पेढी ज्या रस्त्यावर थाटली होती, त्याच रस्त्याला त्यांचे नाव मिळणे हा एक न्याय होता. शिवाय ज्या पारशी समाजाने या भागात अग्यारी, शाळा, धर्मादाय संस्था आणि दुकाने उभी केली, त्याच समाजातला हा माणूस. नामांतरामागे केवळ इंग्रजद्वेष होता, हा आरोपही टिकत नाही. एल्फिन्स्टन सर्कलला मुंबईने बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे संपादक जन्माने इंग्रज होते आणि हिंदी जनतेची बाजू घेतल्याबद्दल १९१९ साली त्यांना हद्दपार करण्यात आले होते. वरळीचा मोठा रस्ता ॲनी बेझंट यांच्या नावाचा आहे. माणूस कोणत्या वंशाचा यापेक्षा तो कोणाच्या बाजूने उभा राहिला हे शहराने पाहिले.

मग हॉर्नबी पुसला गेला आणि क्रॉफर्ड, ग्रँट, लॅमिंग्टन का टिकले? लोकांचे प्रेम हे त्याचे कारण नव्हे. सर रॉबर्ट ग्रँट कोण होते हे ग्रँट रोडला उतरणाऱ्या हजारो माणसांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ग्रँट रोड हे रेल्वे स्थानकाचे नाव आहे. रस्ता मौलाना शौकत अली मार्ग झाला, पण तिकिटावर, पासावर आणि फलाटावर जुनेच नाव राहिले. सँडहर्स्ट रोडचेही तसेच झाले. लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव मिळाले, पण रेडिओ, संगणक आणि विजेच्या सुट्या भागांचा बाजार ज्या नावाने देशभर ओळखला गेला ते नाव व्यापाऱ्यांनी सोडले नाही. क्रॉफर्ड हे १८६५ साली नेमलेले पालिकेचे पहिले आयुक्त. त्यांची मंडई घाऊक फळबाजार म्हणून गावोगावच्या बागायतदारांच्या बिलांवर गेली आणि तिथेच पक्की झाली. हॉर्नबी रोडला असा आधार नव्हता. त्या नावाचे स्थानक नव्हते, त्या नावाने ओळखला जाणारा माल नव्हता. होत्या त्या कचेऱ्या, पेढ्या आणि मोठी दुकाने; त्यांनी कागदावरचा पत्ता बदलला की नाव बदलले. उलट बाजूने पाहिले तरी हाच नियम दिसतो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ साली प्रभादेवी झाले आणि ते नाव लवकर रुळले, कारण प्रभादेवी हे त्या वस्तीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव होतेच. करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव करावे अशा मागण्यांचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. त्यातही लोकांची जुनी नावे स्थानकापर्यंत नेण्याचा हाच विचार आहे.

व्यवहाराखेरीज नाव रुजवणारी दुसरी ताकद घटनेची. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा या लढ्यात प्राण दिलेल्या माणसांचे स्मारक त्याच जागी उभे करावे यात कोणाला शंका वाटली नाही. शेतकरी आणि कामगार यांचे शिल्प तिथे उभे राहिले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. हे नाव मराठी माणसाने वापरायला घेतले ते पाटी वाचून नव्हे. चौकात सांडलेले रक्त त्याच्या पिढीने पाहिले होते. गवालिया टँकच्या मैदानात ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला, आणि ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव तिथे तसेच सहज बसले. याउलट मरीन ड्राइव्हला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. नेताजींविषयीचा आदर हुतात्म्यांविषयीच्या आदरापेक्षा तसूभरही कमी नाही, तरी समुद्रकाठच्या त्या रस्त्याशी त्यांच्या कार्याची अशी गाठ पडलेली नसल्यामुळे नाव कागदावरच थांबले. मोठ्या माणसाचे नाव मोठ्या रस्त्याला दिले की सन्मान पुरा होतो, हे गृहीत त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

आता या विवेचनावर घेतले जाणारे आक्षेप. पहिला आक्षेप असा की, नाव बदलणे म्हणजे इतिहास पुसणे. गव्हर्नरचे नाव रस्त्यावर असणे हा इतिहास नव्हे, तो इतिहासातल्या एका सत्तेने स्वतःला दिलेला मान आहे. आणि तो काढून घेण्याचा हक्क स्वतंत्र नागरिकांना आहे. मुंबईने हा हक्क सरसकट वापरलाही नाही. माहीमचा लेडी जमशेदजी मार्ग आजही त्याच नावाने आहे. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, माणसे मरत. सरकार बांध घालायला तयार नव्हते. तेव्हा आवाबाई जमशेदजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली माहीम कॉजवे खुला झाला. हे नाव काढावे असे स्वतंत्र भारतात कोणाला वाटले नाही, कारण ते कमावलेले होते. पण आक्षेपाचा एक भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. जुने नाव कोठेही न नोंदता नवे लावले, तर पुरावा तुटतो. १८९० सालचे खरेदीखत, १९२० सालची जाहिरात, एखाद्या पेढीचे पत्र यांवर हॉर्नबी रोड असते. ही जागा आजची कोणती हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी तो कागद मुका होतो. आचार्य आणि शिंगणे यांचा १८८९ चा ‘मुंबईचा वृत्तांत’ किंवा सॅम्युअल शेपर्ड यांचे मुंबईच्या स्थळनामांवरचे १९१७ चे पुस्तक आज मोलाचे वाटते, ते त्यांनी आपल्या काळातली नावे लिहून ठेवली म्हणूनच.

दुसरा आक्षेप नेमका उलटा आहे. गुलामीची नावे पाटीवर कंसातसुद्धा कशाला हवीत, असे विचारले जाते. यामागची भावना प्रामाणिक आहे. पण दादाभाईंनी कोणाची जागा घेतली हे कळल्याशिवाय त्यांनी ती जागा जिंकली हेही कळत नाही. हॉर्नबीचे नाव दादाभाईंच्या नावाखाली बारीक अक्षरांत असले, तर त्यात हॉर्नबीचा गौरव होत नाही. एका शहराने केलेल्या निर्णयाची नोंद होते. तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. पदपथ धड नाहीत, गटारे तुंबतात, अशा वेळी नावांची चर्चा कशाला? पदपथ नीट करणे अधिक निकडीचे आहे हे निर्विवाद. पण याच रस्त्याने दाखवले आहे की दोन्ही कामे एकत्र होतात. १८९६ च्या नियमाने इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवणे भाग पडले, म्हणून वेगवेगळ्या मालकांच्या इमारती आजही एका रांगेत सावली धरतात. शंभर वर्षांनी दुकानांच्या पाट्यांनी त्या कमानी झाकून टाकल्या होत्या. १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर दुकानदारांना बरोबर घेऊन त्या पाट्या आटोपशीर केल्या गेल्या आणि या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव मिळाला. जिथे दुकानाच्या पाटीला शिस्त लावता आली, तिथे रस्त्याच्या पाटीला ती लावता येणार नाही असे मानायला कारण नाही.

शिस्तीची गरज आहे ती एका वेगळ्याच हानीमुळे, आणि या लेखाचा भर तिच्यावर आहे. दादाभाई नौरोजी मार्ग हे नाव व्यवहारात यशस्वी झाले, पण झाले ते ‘डी. एन. रोड’ म्हणून. लोकमान्य टिळक मार्गाचे एल. टी. मार्ग झाले, विठ्ठलभाई पटेल रोडचे व्ही. पी. रोड, जगन्नाथ शंकरशेट रोडचे जे. एस. एस. रोड. याच दादाभाई नौरोजी मार्गाच्या जवळ माता रमाबाई आंबेडकर मार्ग आहे. पोलीस ठाण्यासकट सगळे त्याला एम. आर. ए. मार्ग म्हणतात. शहरात मोजक्याच रस्त्यांना स्त्रियांची नावे मिळाली, त्यांतले एक असे तीन अक्षरांत दडून गेले. हॉर्नबीला घालवण्यात आपण यश मिळवले, पण दादाभाईंना आणण्यात अजून मिळवलेले नाही. नवे नाव देण्याचा समारंभ एका दिवसात होतो. त्या माणसाने काय केले हे सांगण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवावे लागते, आणि ते आपल्या शहराने जवळजवळ सोडून दिले आहे. त्यातच कोपऱ्याकोपऱ्याला चौक आणि चौकाला नाव देण्याची चढाओढ लागली की खऱ्या कर्त्या माणसाचे नावही गर्दीत हरवते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. पॅरिसच्या रस्त्यांवर नावाखाली त्या व्यक्तीची जन्म-मृत्यूची वर्षे आणि तिचे काम एका ओळीत दिलेले अनेकदा आढळते. मुंबईच्या पाटीवर पूर्ण नाव, एक ओळ ओळख आणि आधीचे नाव एवढे आले, तरी शाळकरी मुलाला वाट चालताना इतिहास कळेल. पालिकेने आजवरच्या नामांतरांचे ठराव, तारखा आणि कारणे एकत्र करून नागरिकांसाठी खुली करावीत. नवे नाव देताना त्या जागेशी त्या व्यक्तीचा किंवा घटनेचा संबंध काय, हे ठरावात लेखी मांडणे बंधनकारक करावे. आणि लोकांनी ठेवलेल्या बोलीतल्या नावांना, मग ती वाडीची असोत वा तळ्याची, हात लावू नये.

वाचकांना एक विनंती आहे. आपण ज्या रस्त्यावर राहता, त्याची आधीची नावे घरातल्या जुन्या कागदांत असतील: भाडेपावतीवर, लग्नपत्रिकेवर, विम्याच्या कागदावर, पोस्टकार्डावर. ते कागद टाकून देण्याआधी त्यांवरचा पत्ता तारखेसकट उतरवून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयाकडे द्या. आणि निदान दादाभाईंच्या रस्त्याचा पत्ता सांगताना आद्याक्षरांवर न थांबता त्यांचे नाव पूर्ण उच्चारा.